नखावरची काळी रेघ



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी दर सोमवारी प्रार्थनेनंतर आमची नखे तपासत. पुढे शल्यचिकित्सक झाल्यावर तेच काम माझ्याकडे आले. मात्र मी मळ नव्हे, नखावरची काळी रेघ पाहतो.

नख घडते ते कातडीच्या घडीखाली दडलेल्या नखमुळात. तेथील रंगपेशी क्रियाशील झाल्या, की वाढत्या नखाबरोबर रंगही पुढे सरकतो आणि उभी तपकिरी वा काळी रेघ उमटते. सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक बोटांवर अशा रेघा आढळतात व त्या बहुधा निरुपद्रवी असतात. मार लागून साकळलेले रक्त हाताच्या नखाबरोबर महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकून निघून जाते. परंतु प्रौढ वयात एकाच बोटावर नवी रेघ उमटली, ती रुंदावू लागली किंवा रंग शेजारच्या कातडीवर उतरला, तर मेलॅनोमा या कर्करोगाची शंका घ्यावी. जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८६ मध्येच या ‘काळ्या नखुरड्या’कडे लक्ष वेधले होते.

रेघ नखावर दिसली, तरी बायॉप्सीचा तुकडा नखमुळातूनच घ्यावा लागतो. बोट बधिर करून, कातडीची घडी उलटवून, नख अलगद उचलून रेघेच्या उगमाचा १ मिलिमीटरहूनही पातळ पापुद्रा काढतात. मग नख पुन्हा जागी बसवतात. तेच जखमेचे आच्छादन होते. पापुद्रा पातळ असल्यास नख बहुधा पूर्ववत येते. खोल छेदाने ते दुभंगण्याचा धोका असतो.

माझ्याकडे आलेल्या एका शिंप्याने अंगठ्यावरची रेघ ‘मुका मार’ समजून दोन वर्षे अंगावर काढली होती. तपासणीत मेलॅनोमा निघाला. सुदैवाने तो वरच्या थरातच होता. “डॉक्टरसाहेब, कात्री धरता येईल ना?” एवढेच त्यांनी विचारले. नख मुळासकट काढून तेथे दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बसवली. नख गेले, अंगठा राहिला. कात्री आजही त्यांच्या हाती आहे. पूर्वी अशा वेळी बोटच तोडत. रोग खोल गेला असेल, तर आजही पेर काढावे लागते.

म्हणून रेघ बदलताना दिसली, तर थांबू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.