कॅटलान प्रारंभ
बुद्धिबळातील एक प्रारंभरचना. पांढऱ्याने वजिरापुढील व त्याशेजारचे उंटापुढील अशी दोन प्यादी दोन-दोन घरे पुढे घ्यावयाची आणि राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून त्या रिकाम्या घरात राजाचा उंट बसवावयाचा, हे तिचे मूळ सूत्र होय. हा उंट लांब कर्णावरून काळ्याच्या वजिराकडील बगलेवर सतत दाब ठेवतो. पांढऱ्याचे उंटापुढील प्यादे काळ्याला मारता येते. परंतु ते राखण्याच्या खटपटीत त्याच्या चाली खर्च होतात व उंटाचा कर्ण मोकळा होतो. म्हणून पुष्कळ खेळाडू ते न मारता मध्य घट्ट धरून बसतात.

१९२९ च्या बार्सेलोना स्पर्धेत संयोजकांच्या विनंतीवरून साव्येली तार्ताकोव्हर यांनी ही रचना खेळून दाखविली. कॅटलोनिया प्रांतावरून तिला हे नाव मिळाले. २०१० मध्ये सोफिया येथे व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत विश्वनाथन आनंद यांनी दुसरा व चौथा डाव याच प्रारंभाने जिंकला.

या प्रारंभातून मिळणारा लाभ बहुधा लहान व संथ असतो. तो पदरात पाडून घेण्यास वेळ लागतो. मंदगती डावात तो मिळतो, जलद डावात मिळेलच असे नाही. २८ जुलै २०२५ रोजी बातुमी (जॉर्जिया) येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात याचा प्रत्यय आला. नागपूरची दिव्या देशमुख (जन्म २००५) आणि कोनेरू हंपी (जन्म १९८७) यांचे दोन्ही मंदगती डाव व पहिला जलद डाव बरोबरीत सुटले होते. दुसऱ्या जलद डावात प्रत्येकीस १५ मिनिटे व दर चालीस १० सेकंदांची भर एवढाच वेळ होता. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या हंपी यांनी कॅटलान स्वीकारला. दिव्याने मध्य सोडला नाही. डाव लांबत गेला, घड्याळातील वेळ आटत गेली आणि अंत्यपर्वात दोघींकडूनही चुका झाल्या. पारडे अनेकदा फिरले. निर्णायक चूक मात्र हंपी यांची ठरली व त्यांनी डाव सोडला. अनुभवी खेळाडूच्या बाजूने असलेली रचना तिलाच घड्याळाच्या कचाट्यातून सोडवू शकली नाही.

या विजयाने दिव्याला विश्वचषक तर मिळालाच. शिवाय आवश्यक मानके पूर्ण झालेली नसतानाही नियमानुसार ग्रँडमास्टर हा किताब थेट प्राप्त झाला. असा किताब मिळविणारी ती भारताची ८८ वी खेळाडू व भारतीय महिलांत चौथी होय.