लॅपटॉपवरचं डेटा-मीटर खोटं बोलतं का?

वरोरा तालुक्यात, शेगाव-माढेळीपासून टेमुर्डा-खांबाड्यापर्यंत, अनेक घरांत लॅपटॉपचं नेट म्हणजे घरातल्याच कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट. गोंडवाना विद्यापीठाचा परीक्षा अर्ज असो की तलाठी भरतीचा, सारं त्या रोजच्या दीड-दोन जीबीत भागवायचं. म्हणून लोक लॅपटॉपवर डेटा मोजणारं सॉफ्टवेअर बसवतात. आकडा जुळला नाही की पहिला संशय त्याच्यावरच येतो. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची मोजणी बरोबर असते. ते नेमकं काय मोजतंय, हे आपण पाहिलेलं नसतं.

गैरसमज 1 : मोबाईल कंपनीचा मेसेज आणि लॅपटॉपचा आकडा जुळलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : कंपनी अख्ख्या सिमचा हिशेब ठेवते, लॅपटॉप फक्त स्वतःचा. एका खोलीचं सबमीटर आणि महावितरणचं मीटर यांचे आकडे वेगळे येतात, तसंच हे. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर चाललेले व्हिडिओ आणि ॲपचे अपडेट लॅपटॉपला दिसत नाहीत. उलटही घडतं. वायफाय प्रिंटरला पाठवलेली फाईल किंवा घरातल्या घरात लॅपटॉपवरून फोनवर पाठवलेले फोटोही काही सॉफ्टवेअर मोजतात, पण त्या पाठवण्याला इंटरनेट लागलेलंच नसतं. सेटिंगमध्ये लोकल ट्रॅफिक वगळण्याची सोय असेल तर ती चालू करावी. शिवाय विंडोज 1024 एमबीचा एक जीबी धरते. 1000 एमबीचा जीबी धरला तर आकड्यात सुमारे 2.4 टक्के फरक पडतो.

गैरसमज 2 : मीटर शून्य दाखवतंय, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं.

वस्तुस्थिती : काढून पुन्हा टाकण्याआधी नेट कुठल्या वाटेने येतंय ते पाहा. फोन यूएसबी केबलने जोडला, तर विंडोजला तो वायफाय न दिसता वेगळं नेटवर्क कार्ड म्हणून, बहुधा इथरनेटच्या नावाने दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये फक्त वायफाय निवडलेलं असेल तर केबलमधून गेलेला एकही एमबी त्यात येणार नाही. सगळे ॲडॉप्टर निवडा. पण व्हीपीएन वापरत असाल तर जपून : तोच डेटा व्हीपीएनच्या आभासी ॲडॉप्टरवर एकदा आणि खऱ्या ॲडॉप्टरवर पुन्हा, असा दोनदा मोजला जाऊ शकतो.

तरीही शून्यच दिसलं, तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत ते सॉफ्टवेअर बंद झालंय का, ते पाहा. जे चालू नाही, ते मोजणार नाही. जुन्या लॅपटॉपवर घड्याळही तपासा. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि आजचा वापर भलत्याच दिवसाच्या खात्यात जमा होतो.

गैरसमज 3 : काहीच उघडलं नव्हतं, तरी डेटा गेला, म्हणजे व्हायरसच.

वस्तुस्थिती : व्हायरसची शक्यता असते, पण आधी रोजचे गिऱ्हाईक तपासावेत : विंडोज अपडेट, वनड्राइव्ह, ब्राउझर, अँटिव्हायरस. डेटा वापरणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव दिसलं की लोक दचकतात. तो विंडोजच्या अनेक सेवा चालवणारा नेहमीचा प्रोग्राम आहे, अपडेटही त्याच्यामार्फत उतरतात. हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलं की बहुतेक अपडेट थांबतात. अत्यावश्यक काही येऊ शकतात. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये दुसऱ्या संगणकांना अपडेट पुरवण्याची परवानगीही बंद करावी. अपलोडही आपल्याच कोट्यातून जातो.

गैरसमज 4 : मर्यादा लावली की नेट आपोआप थांबतं.

वस्तुस्थिती : विंडोजच्या डेटा युसेजमधली मर्यादा इशारा देते, जोडणी तोडत नाही. शिवाय ती प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळी लावावी लागते. आज बाबांच्या, उद्या ताईच्या हॉटस्पॉटवर बसलात तर हिशेबही दोन. कोटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. हे बिट आहेत. 8 ने भागले की सेकंदाला 8 किलोबाइट. दोन एमबीचा फोटो अर्जाला जोडायला चार मिनिटांहून जास्त लागतील, आणि तोवर संकेतस्थळाची वेळ संपून जाऊ शकते.

गैरसमज 5 : इन्कॉग्निटोत पाहिलं की मोजलं जात नाही.

वस्तुस्थिती : इन्कॉग्निटो फक्त त्या ब्राउझरमध्ये इतिहास ठेवत नाही. डेटा तेवढाच जातो, थोडा जास्तही, कारण आधी साठवलेली चित्रं पुन्हा उतरवावी लागतात.

मीटरची परीक्षा घ्यायची असेल तर फोनचं स्वतःचं नेट वापरणं थांबवा, लॅपटॉपवर माहीत असलेल्या आकाराची, समजा 100 एमबीची, एक फाईल उतरवा आणि आधीचा-नंतरचा आकडा वहीत लिहा. मीटरने शंभराच्या किंचित वर दाखवलं तर ते ठीक आहे. दोनशेच्या आसपास दाखवलं तर दुहेरी मोजणी शोधा, शून्य दाखवलं तर ॲडॉप्टर. सॉफ्टवेअर काढून टाकायचा विचार त्यानंतर.