घर आपले, हप्ता बँकेचा : उतारवयातील रिव्हर्स मॉर्गेजचा हिशेब

नगरच्या आडते बाजारात किंवा कापड बाजारात चाळीस वर्षे गादीवर बसलेला व्यापारी सत्तरी ओलांडतो, तेव्हा त्याच्यापाशी बहुधा तीन गोष्टी उरलेल्या असतात : नावावरचे घर, पतसंस्थेतील ठेव आणि मुलाच्या हाती सोपवलेले दुकान. निवृत्तिवेतन मात्र नसते. नोकरदाराला महिन्याच्या एक तारखेची सवय असते. व्यापाऱ्याला रोजच्या गल्ल्याची. गल्ला मुलाकडे गेला की औषधासाठी, धर्मादायासाठी, नातीच्या हातावर ठेवण्यासाठी लागणारी रक्कमही मागून घ्यावी लागते. हिशेबवही ज्याने आयुष्यभर लिहिली, त्याला हे मागणे सर्वांत अवघड जाते.

ठेवींवरचे व्याज हा आजवरचा आधार होता. त्यालाही नगर जिल्ह्यात तडा गेला आहे. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतच असते; त्यापुढची रक्कम अवसायनाच्या कामकाजातून वसूल होईल तेव्हा. पतसंस्थांतील ठेवींना तर या विम्याचे संरक्षण मुळीच नाही. एक-दीड टक्का जादा व्याजासाठी सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या कुटुंबांत आज घर तेवढे शाबूत आहे. त्यामुळे घरातून उत्पन्न काढता येईल का, हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही.

रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे उलटे तारण. नेहमीच्या गृहकर्जात बँक एकरकमी पैसे देते आणि कर्जदार हप्ते फेडतो. येथे घर तारण राहते आणि हप्ता बँक देते. २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची घोषणा झाली व राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्येच तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अर्जदाराचे वय ६० पूर्ण हवे. पतिपत्नी एकत्र अर्ज करीत असतील तर एकाचे ६० आणि दुसऱ्याचे किमान ५५. हप्त्यांची मुदत जास्तीत जास्त २० वर्षे. मालकी ज्येष्ठांचीच राहते, घरपट्टी, विमा व दुरुस्तीही त्यांनीच पाहायची. दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या हयातीपर्यंत घरातून कोणी उठवू शकत नाही. त्यानंतर वारसांनी कर्ज व व्याज भरून घर सोडवून घ्यावे, अन्यथा बँक घर विकते आणि वसुलीनंतर उरलेली रक्कम वारसांना देते. विक्रीची रक्कम कर्जापेक्षा कमी भरली तरी तूट वारसांकडून मागता येत नाही. २००८ साली आयकर कायद्यातही दुरुस्ती झाली : हा हप्ता उत्पन्न नसून कर्ज आहे, म्हणून करमुक्त, आणि घर असे तारण ठेवणे म्हणजे हस्तांतर नव्हे. पुढे घर विकले जाईल तेव्हा मात्र भांडवली नफ्याचा विचार करावा लागतो.

ऐकताना योजना गोड वाटते. व्यापारी माणसाने ती कागदावर मांडून पाहावी.

समजा, सावेडीतील घराची किंमत ६० लाख रुपये आहे. बँकेने तिच्या ८० टक्के, म्हणजे ४८ लाख रुपये ही व्याजासह कर्जाची अंतिम मर्यादा धरली, व्याजदर १० टक्के आणि मुदत १५ वर्षे. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ११,५८० रुपये. मुदत २० वर्षे घेतल्यास तो ६,३२० रुपयांवर उतरतो. ६० लाखांच्या घरावर महिना साडेअकरा हजार, हा आकडा पाहूनच पुष्कळजण बँकेच्या पायऱ्या उतरतात. १५ वर्षांत हाती येतात सुमारे २० लाख ८५ हजार आणि खात्यावर कर्ज उभे राहते ४८ लाखांचे. म्हणजे सव्वासत्तावीस लाख केवळ व्याजाचे. चक्रवाढ व्याज येथे कर्जदाराच्या विरुद्ध बाजूने चालते. ठेवीदार म्हणून ज्याचे कौतुक केले, तेच गणित आता घर खात असते.

तरीही हिशेब एकतर्फी नाही. त्याच १५ वर्षांत घराची किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली, तर ती सव्वा कोटीच्या आसपास जाईल आणि कर्ज वजा जाता वारसांना पाऊण कोटी उरतील. नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी तरी घराचे फेरमूल्यांकन होते. त्यावरून हप्ता वाढू शकतो. मात्र फेरमूल्यांकन झालेच नाही आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढत गेली, तर पंधराव्या वर्षीचे ११,५८० रुपये आजच्या ४,८०० रुपयांएवढेच भरतील.

आणखी एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुदत संपली की हप्ता थांबतो. घरात राहता येते, पण उत्पन्न बंद होते आणि कर्जावरचे व्याज चालूच राहते; वरच्या उदाहरणातील ४८ लाख पुढच्या पाच वर्षांत ७९ लाख होतात. बासष्टाव्या वर्षी १५ वर्षांचे तारण करणारा गृहस्थ सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा हात रिकामा घेऊन बसेल. फ्रान्समध्ये घर विकून आजन्म हप्ता घेण्याची जुनी पद्धत आहे. तेथे १९६५ साली एका वकिलाने ९० वर्षांच्या झान काल्माँ या वृद्धेच्या घरासाठी महिना २,५०० फ्रँक देण्याचा करार केला. १९९५ मध्ये तो वारला, पुढचे हप्ते त्याच्या पत्नीने भरले आणि काल्माँबाई १९९७ साली, १२२ व्या वर्षी निवर्तल्या. तेथे दीर्घायुष्याची जोखीम पैसे देणाऱ्यावर होती. आपल्याकडच्या मुदतीच्या योजनेत ती घेणाऱ्यावर आहे. विमा कंपनीमार्फत आजीवन हप्ता देणारा प्रकार २००९ साली सुरू झाला, पण तो फारसा रुजला नाही. म्हणून या योजनेचा विचार करायचाच असेल तर पंच्याहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे करणे अधिक शहाणपणाचे. हप्ता मोठा पडतो आणि मुदत आयुष्याच्या आधी संपण्याची भीती कमी होते.

आकड्यांच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि व्यापारी कुटुंबांत बहुतेक प्रकरणे तेथेच अडतात. घर खरोखर कोणाचे आहे? योजनेला स्वकष्टार्जित, निर्वेध मालकीचे आणि स्वतः राहते घर लागते. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी बाजारपेठेतील जुनी वास्तू असेल तर दुकानाचा भाग व्यापारी ठरतो. घर आजोबांनी बांधलेले, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तीन भावांची नावे, त्यांतला एक पुण्याला, एक दिवंगत. घर अविभक्त कुटुंबाचे असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही जन्मसिद्ध हिस्सा. वाटणीपत्र नाही, हक्कसोडपत्र नाही. अशा घरावर एकट्या वडिलांच्या सहीने काहीही होत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील गावठाणातील घरांचा पुरावा म्हणून पुष्कळजण ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतात. पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. शिवाय वास्तूचे आयुष्य आणखी किमान २० वर्षे असावे लागते. मातीच्या भिंतींचे आणि माळवदाचे घर त्यात बसत नाही.

उतारे स्वच्छ निघाले, तरी दुसरी गाठ असतेच. मुलाच्या दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी तेच घर बँकेकडे अनेक वर्षांपासून तारण असते. दरवर्षी नूतनीकरणाच्या कागदावर वडील जामीनदार म्हणून सही करतात आणि विसरून जातात. तो बोजा उतरल्याशिवाय दुसरे तारण होत नाही. येथे बाजारातली एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. व्यापारासाठी घर गहाण असले तर ती हिंमत समजली जाते. म्हातारपणच्या औषधपाण्यासाठी गहाण ठेवले तर ‘अमक्यांचे घर बँकेत गेले’ अशी कुजबुज होते आणि मुलाच्या उधारीवर परिणाम होईल म्हणून सारे गप्प बसतात. गहाणखत दोन्हीकडे सारखेच असते. उलट्या तारणाची रक्कम धंद्यात किंवा सट्ट्यात घालता येत नाही, हा नियमही मुद्दाम लक्षात ठेवावा. दुकानाला भांडवल हवे म्हणून आईवडिलांना पुढे करून ही योजना घेणे बसत नाही, आणि ते बरेच आहे.

तिसरी गाठ बक्षीसपत्राची. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. ‘मागे भांडण नको’ म्हणून हयातीतच घर मुलाच्या नावे करण्याची चाल त्यामुळे वाढली. पण बक्षीसपत्र झाले की मालकी संपली, आणि उलट्या तारणाचे दारही बंद झाले. मुलाने सांभाळ केला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात सांभाळाच्या अटीवर हस्तांतर झाल्याचे सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा, उदारपणे लावावा असे म्हटले. तरीही आईवडिलांनी मुलाविरुद्ध प्रांत कचेरीत उभे राहावे, ही वेळच का यावी? ज्याला घर मागे ठेवायचे आहे त्याने मृत्युपत्र करावे. ते केव्हाही बदलता येते, मालकी शेवटपर्यंत हाती राहते आणि पुढे गरज पडल्यास तारणाचा मार्गही मोकळा असतो.

उतारे स्वच्छ, बोजा नाही, वय पंच्याहत्तर, असे जोडपे असेल तरी बँकेत जाण्यापूर्वी दुसरा हिशेब मांडून पाहावा. तेच ६० लाखांचे घर विकून ३२-३३ लाखांची दोन खोल्यांची सदनिका घेतली आणि कर व खर्च जाता २५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्के दराने दर तिमाहीस ५१,२५० रुपये, म्हणजे महिना सुमारे १७ हजार येतात. हे व्याज करपात्र आहे. पण मुद्दल जागेवर राहते आणि कर्ज शून्य. एप्रिल २०२३ पासून या योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. निव्वळ आकड्यांत हा मार्ग सरस आहे, हे मान्य करावे लागते. वरचा मजला भाड्याने देणे हाही मार्ग आहेच. तारण ठेवण्याच्या घरात मात्र भाडेकरू ठेवण्याआधी बँकेला विचारावे लागते.

पण घर केवळ आकडा नसते. स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर आहे, चातुर्मासात रोजचे प्रवचन चुकत नाही, शेजारीण सूर्यास्तापूर्वी हाक मारते, आजारपणात समोरचा औषध दुकानदार स्वतः येऊन जातो. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला केडगावच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवल्यास महिन्याला पाच-साडेपाच हजार वाढतील, आणि दिवस मात्र मोकळा पडेल. ज्यांना मूल नाही, किंवा मुले परदेशी स्थिर आहेत व त्यांना या घरात रस नाही, आणि ज्यांना हीच आळी सोडायची नाही, त्यांच्यासाठी उलटे तारण योग्य ठरू शकते. अशा अर्जदारांनी दोन गोष्टी विसरू नयेत. कागदांवर सह्या झाल्यावरही तीन दिवसांच्या आत करार रद्द करण्याचा अधिकार असतो. आणि सलग एक वर्ष घरात वास्तव्य नसेल तर कर्ज वसुलीस पात्र होते; गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला मुलाकडे गेलेले मुक्काम पाहता पाहता लांबतात.

मुले आहेत आणि घर त्यांनाच द्यायचे आहे, अशा कुटुंबात तर बँकेच्या आधी मुलांना एकत्र बसवावे आणि वरचा कागद त्यांच्यापुढे ठेवावा. बँक महिना ११,५८० रुपये देणार आणि पंधरा वर्षांनी ४८ लाख मागणार. तेवढीच रक्कम तीन भावंडांनी मिळून दिली तर प्रत्येकी ३,८६० रुपये पडतात. ती आईच्या खात्यावर दरमहा एक तारखेला आपोआप जमा होण्याची सूचना बँकेत देऊन ठेवता येते, म्हणजे कोणाला मागावे लागत नाही आणि सुनांपुढे तो विषयही निघत नाही. एखादा भाऊ आज देऊ शकत नसेल तर दुसऱ्याने त्याचा वाटा भरावा आणि मृत्युपत्रात त्याची नोंद व्हावी. भावाभावांचे खाते लिहून ठेवण्याची रीत पेढीवर होतीच. घरात ती कोणी सुरू केली नाही, इतकेच.