संगणकावरील संगीतरचना आणि गांधाराचे स्थान

संगीतनिर्मितीची आज्ञावली संगणकावर बसविणे सोपे असते. स्वरांची मांडणी ठरविणे हे खरे काम होय. १९८३ साली प्रचलित झालेल्या ‘मिडी’ संकेतपद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग सामान्यतः गृहीत धरलेले असतात. त्यामुळे शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. असाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर तिला बंदी झाली. पेटीचे सूर बदलण्यास कारागीर लागतो. संगणकावर ते वापरणाऱ्याच्याच हाती असते. ‘सर्ज एक्सटी’सारख्या सिंथेसायझरमध्ये ‘स्काला’ पद्धतीची स्वरसारणी भरून षड्जाची कंपनसंख्या निश्चित केली, की गांधार स्वस्थानी येतो. हे न केल्यास यंत्राने गृहीत धरलेला स्वरच रागाचा स्वर ठरतो.