शिकाऊ डॉक्टरांना माहिती होती, सरावाचे काय?

मुंबई, प्रतिनिधी

एमबीबीएसची साडेचार वर्षे संपली की एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता सुरू होते. या वर्षातील तरुण पूर्ण विद्यार्थी नसतो आणि पूर्ण डॉक्टरही नसतो. कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे ११ मार्च २०२० रोजी जाहीर झाले आणि या मधल्या पायरीवरील तरुणांच्या तयारीचा प्रश्न ऐरणीवर आला. एप्रिलमध्ये मुंबईतील नायर रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखीव करण्यात आले.

ज्ञान, दृष्टिकोन, आचरण

साथीच्या काळात डॉक्टरांची तयारी या तीन निकषांवर जोखली जाते. विषाणू कसा पसरतो हे सांगता येणे म्हणजे ज्ञान. बाधितावर उपचार करण्याची मानसिक तयारी म्हणजे दृष्टिकोन. संरक्षक पोशाख योग्य क्रमाने उतरविणे हे झाले आचरण. पहिले असले म्हणजे तिसरे असतेच असे नाही. पोशाखाची बाहेरची बाजू दूषित झालेली असते. त्यामुळे तो चढविताना नव्हे, तर उतरविताना संसर्गाचा धोका अधिक. मास्क सर्वांत शेवटी काढायचा व हात धुवायचे, हा नियम पाठ असतो. पण प्रदीर्घ पाळीनंतर थकलेल्या हातांना तो आठवावा यासाठी सरावच लागतो.

बदलते उपचार

ज्ञानही स्थिर नव्हते. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृती गटाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस केली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णांवरील या औषधाची चाचणी थांबविली. प्लाझ्मा उपचारही मे २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आले. शिकलेले सोडून देण्याची तयारी हासुद्धा शिक्षणाचाच भाग ठरला.

भीती म्हणजे कामचुकारपणा नव्हे

आपल्यामुळे घरातील वृद्धांना लागण होईल, ही धास्ती रोग नीट समजलेल्या डॉक्टरलाच अधिक वाटते. तिच्यावर उपदेशाचा उपाय चालत नाही. पुरेशी साधने, स्वतंत्र निवास आणि शेजारी उभा असलेला वरिष्ठ डॉक्टर यांनीच ती आटोक्यात राहते.

ऑगस्ट २०२० मध्ये एमबीबीएस अभ्यासक्रमात साथ व्यवस्थापनाचा समावेश करण्यात आला. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने आंतरवासितांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविड सेवेत घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यातील ‘देखरेखीखाली’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. पुढील साथीत तो केवळ कागदावर राहिला, तर त्याची किंमत रुग्ण आणि शिकाऊ डॉक्टर दोघांनाही मोजावी लागेल.