दूरचित्रवाणीची मुद्रणपेटी टिकेल काय?

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीलगत चेपॉकचे क्रीडांगण आहे. तेथील सामना दिवसा कामावर असणाऱ्याने रात्री कसा पाहावा? सशुल्क वाहिन्यांसाठी सेट-टॉप पेटी या नगरात 2003 साली आवश्यक झाली. 2008 मध्ये टाटा स्कायने कार्यक्रम मुद्रित करणारी पेटी आणली. तिच्यातील चुंबकीय तबकडी चित्रसंकेत अंकरूपाने साठविते. पुढे 2015 मध्ये हॉटस्टार आले, 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि हीच साठवण दूरच्या संगणकांवर होऊ लागली. मग घरोघरी तबकडी कशाला? केवळ सवडीने पाहण्याची सोय विकणारी सेवा टिकणे कठीण आहे. मात्र दूरचा संग्रह त्याचा धनी केव्हाही काढून घेऊ शकतो. वर्गणी थांबल्यावरही मुद्रण ग्राहकाच्या स्वाधीन राहिले, तरच पेटीला भवितव्य आहे.