धोत्रा, बिट्टी आणि जहरी सोनटक्का

रेणापूरच्या शिवारात धोत्रा कोणी लावत नाही, तो आपणहून येतो. रेणा नदीचा काठ, उकिरड्याची कड, पडक्या भिंतीचा ढिगारा, कुठेही पावसाळ्यात त्याची रोपे वर येतात. एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही. महाशिवरात्रीला मात्र त्याची शोधाशोध होते, कारण बेलाच्या पानांबरोबर धोत्र्याचे फूल आणि काटेरी बोंड महादेवाला वाहायचे असते. लातूरचा सिद्धेश्वर असो की परळीचा वैजनाथ, त्या दिवशी पूजेच्या ताटात धोत्रा असतोच. तो विषारी आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच तो कुंपणाबाहेर राहतो. अडचण आहे ती कुंपणाच्या आतल्या झाडांची. तशीच कर्ण्याच्या आकाराची फुले येणारी आणि तशीच विषारी झाडे अंगणात हौसेने लावली जातात.

त्यांची निवड होते ती पाण्याकडे बघून. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. अशा मुलखात थोड्या पाण्यावर तगणारे, उन्हाळाभर फुलणारे आणि शेळ्यांपासून राखावे न लागणारे झाड सगळ्यांनाच हवे असते. शेळी ज्या झाडाला तोंड लावत नाही, ते का लावत नाही, हे विचारायचे मात्र राहून जाते.

या अटींत सर्वांत चपखल बसते ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही वनस्पती आता इतकी घरची झाली आहे, की ती परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. पाने अरुंद, लांब, चकचकीत. फूल पिवळे, पाकळ्यांना पीळ असलेले. फळ हिरवे आणि काहीसे तिकोनी असते, पिकले की काळे पडते. आतल्या कठीण आठळीला बिट्टी म्हणतात आणि मुले त्यांचे खेळ मांडतात. थेवेटिनसारखी हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये झाडाच्या सगळ्याच भागांत असतात, पण सर्वांत जास्त असतात ती या आठळीतल्या बीमध्ये. श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून बिट्टीची विषबाधा हा सार्वजनिक आरोग्याचाच प्रश्न होऊन बसला, आणि तिच्या उपचारांविषयीची बरीचशी माहिती तिथल्या रुग्णालयांतूनच पुढे आली. या विषाने आधी उलट्या होतात, मग नाडी मंद आणि अनियमित होते. वरून माणूस बरा दिसत असतानाही हृदयाची लय बिघडू शकते. लाल-गुलाबी कण्हेरीचे विषही याच जातीचे.

दुसरे झाड म्हणजे पिवळ्या कर्ण्यांचा अलमांडा. याचे मराठी नाव आहे जहरी सोनटक्का. खरा सोनटक्का पांढरा, सुगंधी आणि निरुपद्रवी. ज्याने कोणी ‘जहरी’ हे विशेषण जोडले, त्याने पुढच्यांची मोठी सोय केली होती. रोपवाटिकेच्या पाटीवर फक्त ‘अलमांडा’ उरले आणि ती सोय गेली. शास्त्रीय नावातल्या ‘कॅथार्टिका’ या शब्दाचा अर्थ रेचक असाच आहे. फांदी तोडली की पांढरा चीक येतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. बिट्टीपुढे हे विष सौम्यच. कुंड्यांत मिरवणारे अडेनियम मात्र सौम्य नाही. आफ्रिकेत त्याच्या चिकाने बाणांची टोके माखत असत. ते लावताना काळ्या मातीत भरपूर वाळू आणि विटांचे तुकडे मिसळावे लागतात, नाहीतर बुंधा कुजतो.

चीक आला म्हणजे विषारी, असा एक ठोकताळा यातून निघेल. पण धोत्र्याला चीक नसतो. लिनियसने १७५३ मध्ये धोत्र्याच्या वंशाला ‘दातुरा’ हे नाव दिले ते भारतीय नावावरूनच. त्याचा जांभळ्या, दुहेरी फुलांचा प्रकार बागेत मुद्दाम लावतात. त्याचा दक्षिण अमेरिकी भाऊबंद ब्रुगमॅन्शिया हा झाडासारखा वाढतो आणि त्याचे वीतभर लांब कर्णे खाली लोंबतात. त्याला थंड हवा मानवते. लातूरच्या उन्हात तो सावलीत आणि रोजच्या पाण्यावर कसाबसा जगतो. रानात ब्रुगमॅन्शियाची एकही जात आता उरलेली नाही, जी आहे ती माणसाने लावलेली.

धोत्र्याचे फूल संध्याकाळी उलगडते, कारण त्याचे गिऱ्हाईक रात्रीचे पतंग. त्याच्या विषात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असते. फवारणीच्या औषधाची बाधा झालेल्या शेतकऱ्याला रुग्णालयात उतारा म्हणून देतात ते हेच ॲट्रोपिन. पोटात धोत्रा गेला की तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, अंग तापते, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते. माणूस असंबद्ध बडबडतो आणि हवेतले नसलेले धागे चिमटीत धरून ओढत राहतो. त्याचे बी मिरचीच्या बीसारखे दिसते, फक्त मूत्रपिंडाच्या आकाराचे, जाडसर आणि तपकिरी. मिरचीचे पातळ, गोल, पिवळे. वाळवणाशेजारी धोत्रा नसावा तो यासाठी. ब्रुगमॅन्शिया छाटताना रसाचा हात एका डोळ्याला लागला तर त्याच डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि डॉक्टर आधी मेंदूच्या विकाराच्या मागे लागतात. कोणते झाड छाटले हे तेव्हा सांगितलेले बरे.

ही झाडे काढूनच टाकावीत असे नाही. रांगणारे मूल घरात असेल तर निदान बिट्टी आणि धोत्रा नको. पिवळी कर्णेदार फुले हवीच असतील तर टिकोमा आहे. त्याची पाने दातेरी व जोडीजोडीने असतात, त्याला चीक येत नाही आणि ऊनही चांगले सोसते. इतर झाडे छाटताना हातमोजे घालावेत, नंतर कात्री आणि हात साबणाने धुवावेत. कोणी काही खाल्लेच तर तोंड धुवून १०८ ला फोन करावा. मीठपाणी पाजून उलटी करवू नये, दूध किंवा चिंचेचे पाणीही देऊ नये. झाडाची डहाळी पिशवीत घालून बरोबर न्यावी, कारण धोत्र्याचा आणि बिट्टीचा उपचार एकच नव्हे. छाटलेल्या फांद्या बांधावर टाकू नयेत. हिरवे पान टाळणारी शेळी वाळलेला पाला चाऱ्यात मिसळला तर खाते, आणि कण्हेरीचे विष वाळल्यावरही तसेच राहते. धूरही अपायकारक असल्याने त्या चुलीतही घालू नयेत. परसात खोल खड्डा करून पुराव्यात.